आधी दुसरी सीडी

पिक्चर जिथे संपतो तिथूनच तो सुरू झाला, आणि गुड्डूला त्यात काही वावगं वाटलं नाही. गोंदियाला त्याचं लहानसं दुकान आहे. मोबाईलची कव्हरं, चार्जर, आणि मेमरी कार्डात गाणी-पिक्चर भरून देणं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे मी आमच्या गावच्या मतदार यादीचे पन्नास कागद टाकले होते आणि नंबर लागेपर्यंत गुड्डूच्या स्टुलावर टेकलो होतो. त्याच्या कॉम्प्युटरवर लाल टोपीचा मुलगा पलंगावरून उठला, उशीखालची टोपी काढून डोक्यावर घातली, जिना उतरला, आईने ताटात टाकलेला पाव तोंडात धरून बाहेर पळाला आणि भिंतीला टेकवलेली सायकल त्याने धावता धावता धरली. कितीतरी वर्षं मी हा मुलगा पाहिला नव्हता. "गुड्डू," मी म्हटलं, "ये तो लास्ट है ना?" गुड्डूने माझ्याकडे पाहिलंही नाही. "लास्ट किधर से, सर? अभी तो नाम आए." त्याने पडद्याच्या तळाशी बोट ठेवलं. तिथली लाल रेघ डावीकडे, नखाएवढीच होती. मी त्याला सांगायला गेलो की बाबा रे, हा पिक्चर मी सात वेळा पाहिला आहे, मला शिकवू नको. पण माझाच आवाज चढलेला ऐकून मी गप्प झालो. मास्तरकीत आवाजाला ही खोड लागते, खात्री कमी पडली की तो चढतो. मी मोबाईल काढून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, यात भरून दे.

परतताना मोटारसायकल दोनदा चुकीच्या गिअरला पडली. पाठीवरच्या पिशवीत पन्नास कागद, आणि त्यांत माझा भाऊ. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर एका पोरकट पिक्चरपायी हा माणूस इतका का तगमगतो असं वाटेल. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे, आणि शिकवणं सोडून जी जी कामं शिक्षकाच्या गळ्यात पडतात त्यातलं एक म्हणजे मतदार यादी. घरोघर जायचं, कोण आहे, कोण सासरी गेली, कोण वारलं, लिहून आणायचं. मला माझंच गाव मिळालं. अनुक्रमांक तीनशे सतरा, लोकेश सेवकराम, वय एकोणतीस, फोटोच्या चौकोनात 'छायाचित्र उपलब्ध नाही'. हा माझा दादा. दहा वर्षांपूर्वी, दोन हजार तीनच्या दसऱ्याला तो नागपूरला दीक्षाभूमीवर गेला आणि परत आला नाही. यादीत मात्र तो राहतो, दरवर्षी एका वर्षाने मोठा होतो, आणि गेली तीन वर्षं त्याच्या नावापुढे 'हजर' अशी खूण मीच करत आलो आहे. यंदा फोटो नसलेली नावं साफ करायचा हुकूम निघाला. तहसीलमधले साहेब चष्म्यावरून पाहत म्हणाले, "गुरुजी, हा तीनशे सतरा तुमच्याच घरचा ना? असेल तर फोटो आणा. नसेल तर नमुना सात भरा. सोमवारी." नमुना सात म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज. कारणाच्या जागी चौकोन आहेत: मयत, स्थलांतरित, दुबार. आमच्यासारख्यांसाठी एकही चौकोन नाही. आणि मी गुड्डूकडे टेकलो तो शनिवार होता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान निसवलं होतं. गोरेगाव आलं तसा मी कारण नसताना बाजाराच्या अंगाला वळलो. राईस मिलच्या मागे जिथे चुन्नीलालकाकांचा व्हिडिओ हॉल होता तिथे आता कोणाची तरी पत्र्याची वखार आहे. हॉल आपला म्हणायचा. टिनाचं शेड, खिडक्यांना बारदानं, खाली बसायला बांबूचे तट्टे, मागे दोन बाकं, आणि उंच टेबलावर रंगीत टीव्ही, ज्यात हिरवा रंग जरा जास्तच होता. बाजाराच्या दिवशी दुपारी खेळ लागे. आत तंबाखूचा आणि लोकांच्या पिशव्यांतल्या सुकटीचा वास, आणि मिलचा कोंडा उडून येऊन सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला. दोन हजार साल. मी बारा वर्षांचा, दादा सोळाचा. घरात सायकल एकच, बाबांची. दादा चालवायचा आणि मी पुढे दांडीवर. दांडीवर बसून बसून मांड्या बधिर व्हायच्या, पण दादा मानेमागे सतत काहीतरी बोलत असायचा, म्हणून उतरावंसं वाटत नसे. पिक्चर इंग्रजी, बोलणं हिंदीत केलेलं. त्याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण नावं आली की काका ती पळवत. वाचणार कोण होतं? सगळे त्याला टाकीचा पिक्चर म्हणत.

पाच पोरं, पाच सायकली, आणि गावाबाहेर उंच खांबांवर उभी एक गंजलेली पाण्याची टाकी. टाकीत पाणी नाही, दार आहे. दारापलीकडे तांबड्या आकाशाची एक दुनिया, जिथे पाऊल आता टाकलं तर त्याचा आवाज मागाहून येतो. मला अजून त्यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं. पोरं धावून थांबायची, आणि मग त्यांच्या पावलांचा आवाज एकटाच धावत त्यांच्यापर्यंत यायचा. जुना रेडिओ, कपडे धुण्याच्या मशीनची मोटर आणि सायकलचे डायनॅमो जोडून त्या पोरांनी एक यंत्र केलं होतं, दार उघडं ठेवायचं. दादाने ते पाहून बाबांच्या सायकलला डायनॅमो बसवला, तारा घरात ओढल्या, आणि मला स्टँडवर लावलेल्या सायकलवर बसवून पॅडल मारायला लावलं. वीज गेलेली असताना आमच्या स्वयंपाकघरात एक बल्ब लागला. माय चुलीपुढून उठली, बल्बखाली हात धरून पाहिला आणि म्हणाली, "एवढा दमून राहिला लेकरू, अन् उजेड कायचा?" मला मात्र तेव्हा वाटलं होतं की दार आता केव्हाही उघडेल, पॅडल थांबवता कामा नये.

तर आमचा पिक्चर सुरू व्हायचा तो थेट तांबड्या दुनियेत, धडाधड. लोखंडी पायांचे किड्यांसारखे राक्षस मागे लागलेले, पोरं जीव घेऊन पळताहेत, यंत्र फुटतं, दार मिटायला लागतं, आणि सगळ्यात मोठा, लाल टोपीवाला, अंगाने दार धरून उभा राहतो. चौघं बाहेर पडतात. दार मिटतं. मग चौघं सायकलींवरून हळूहळू घरी जातात, आणि सगळ्यात लहान बुटका स्वतःची सायकल टाकून लाल टोपीची सायकल हातात धरून पायी चालत येतो. इथे काका सीडी काढत, लोक बिडी प्यायला बाहेर जात, बरेचसे परत येतच नसत. आम्ही पोरं थांबायचो, कारण खरी गंमत पुढे होती. पुढच्या सीडीत लाल टोपी आपल्या घरी, आपल्या पलंगावर जागा होई. आई पाव देई. पाचही जण पुन्हा भेटत, टाकी पाहायला जात, यंत्र करत, आणि शेवटी सकाळच्या उन्हात मक्याच्या शेतामधल्या रस्त्याने पाच सायकली ओळीने निघत. बस्स. संपला. हॉलमध्ये टाळ्या पडत. गेलेला आला.

तो आला कसा, यावर आमच्यात मतं होती. माझ्या वर्गातला खुशाल म्हणायचा, पुनर्जन्म. ते आमच्या घरी सांगितलं तर बाबा जेवता जेवता थांबले. "आपल्यात पुनर्जन्म मानत नाहीत," ते म्हणाले, "पिक्चरमंधला असला तरी नाही." दादा ताटात तोंड घालून हसला. मला छळत होता तो दुसराच प्रश्न: ही चार पोरं एकदा टाकीत जाऊन आली आहेत, तर मग टाकी पहिल्यांदा पाहिल्यासारखं का करतात? 'ये क्या जगह है' असं लाल टोपीने विचारलं तर समजू शकतो, तो विसरला असेल. पण बुटका का विचारतो? दादाला विचारलं तर पहिल्या दोन-तीन वेळा तो नुसता "हो ना बे" म्हणाला. नंतर एका बाजाराच्या दिवशी, सायकल चालवता चालवता, माझ्या डोक्यावरून तो म्हणाला, "नाटक करून राहिले ते. लाल टोपीले काही आठवत नाही ना, मनून. आम्हाले बी मालूम नाही असं दाखवून राहिले. नाही तं त्याले वाईट नाही का वाटन?" मला ते इतकं पटलं की मी दांडीवरून मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघं धानाच्या बांधीत पडलो. त्यानंतर पिक्चर मला दुप्पट आवडायला लागला. चार मित्र एकासाठी अख्खी सीडीभर खोटं वागतात, याहून मोठी गोष्ट मी कुठे पाहिली नव्हती.

या पिक्चरने माझं एक नुकसान केलं. ते मी कोणाला सांगितलेलं नव्हतं, बाबांना तर नाहीच, आणि मागच्या वर्षी बाबा गेले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादाला मी गोरेगावच्या स्टँडवर सोडायला गेलो होतो. विहारातली माणसं नागपूरला निघाली होती, निळे झेंडे, भाकरींची गाठोडी, गाणी. त्या दिवशी पहिल्यांदा मी सायकल चालवत होतो आणि तो पुढे दांडीवर, पिशवी मांडीवर घेऊन. खड्ड्यात पिशवी उघडली तेव्हा आत मला त्याच्या दोन पँटी दिसल्या, आणि पुठ्ठ्यात घातलेली टीसी आणि मार्कलिस्ट. दीक्षाभूमीवर टीसी घेऊन कोणी जात नाही. मी पंधरा वर्षांचा होतो, इतकं मला कळत होतं. त्याने पिशवी मिटली आणि म्हणाला, "येतो मी." मी "बरं" म्हटलं. मग चेन उतरली होती ती लावायचाही मला कंटाळा आला आणि सायकल हातात धरून मी पायी घरी आलो. सगळे परत आले, दादा आला नाही. बाबा विचारत, काही बोलला का तो? मी म्हणे, येईल ना. इतक्या खात्रीने म्हणे की बाबा पंधरा दिवस पोलिसांत गेले नाहीत, आणि टीसीचं मी महिनाभर तोंडातून काढलं नाही. पुढे काढायची सोय राहिली नाही. गेलेला येतो हे मला पाठ होतं. तो आला की त्याला काही विचारायचं नाही, काही माहीत नसल्यासारखं वागायचं, याचीही मनात तयारी करून ठेवली होती. आता सोयरिकी येतात, पाहुणे चहा पिता पिता विचारतात, भाऊ किती? मी दोन म्हणतो आणि माय आत भांडी वाजवते.

रविवारी शाळेत यादी उघडून दहा ते पाच बसायचं होतं. गावाला बसून दाखवायचं की कोणाला नाव घालायचं असेल, काढायचं असेल तर या. कोणी येत नाही. अकरापर्यंत एक धुरपताबाई आली, तिने आपलं नाव आहे ना एवढं बघून घेतलं, आणि "हाय म्हनजे मी हाय," म्हणून गेली. नमुना सातचा कोरा कागद मी यादीखाली सरकवला, बाहेर काढला, पुन्हा सरकवला. पेन उघडलं, त्याच्या टोकाने टेबलावरची जुनी खाच उकरली. मग मोबाईल काढला आणि लाल रेघ अगदी डावीकडे नेऊन पिक्चर लावला. पहिल्यांदा नावं आली, मी ती सगळी वाचली. पाव, सायकली, टाकी, 'ये क्या जगह है'. बुटक्याने ते विचारलं तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. टाळ्यांची जागा आली, मक्याच्या शेतातल्या पाच सायकली आल्या, आणि त्या थांबल्याच नाहीत. रस्ता वळला, टाकी आली, दार उघडलं. पुढचं सगळं मला ठाऊक होतं आणि तरीही मी मोबाईल डोळ्यांजवळ आणला. लाल टोपीने दार धरलं. दार मिटलं. बुटका त्याची सायकल हातात धरून पायी निघाला. पडदा काळा झाला, मग पुन्हा नावं यायला लागली, खूप नावं, खालून वर, संपता संपेनात. मी वाट पाहत राहिलो. नावांनंतर काहीच नव्हतं.

मला बसवेना. फळ्यावर खडूने कोणीतरी काढलेली बोट पुसली, पुन्हा खुर्चीवर आलो, उठलो. पिक्चरला काय झालं होतं? काहीच नाही. तो असाच होता, हजारो लोकांनी तो असाच पाहिला होता, रडले असतील, घरी गेले असतील. उलटं फक्त आम्ही पाहिलं होतं, गोरेगावच्या बाजाराने. आणि मी त्याच्या आधाराने एका माणसाची दहा वर्षं वाट पाहिली होती, बापाला पंधरा दिवस पोलिसांत जाऊ दिलं नव्हतं. मला राग आला. माझा स्वतःवरचा राग नेहमी दुसऱ्याचा पत्ता शोधतो. या वेळी पत्ता लगेच सापडला. तीन वाजता यादी कपाटात टाकली, कपाटाला कुलूप लावलं आणि गाडी कोहमाऱ्याच्या रस्त्याला लावली.

कोहमाऱ्याच्या चौकात, ट्रक थांबतात तिथे, चुन्नीलालकाकांचं आता चहा-आलुबोंड्याचं हॉटेल आहे. केस पांढरे झालेत, चष्मा जाड. मी चहा सांगितला आणि तो येण्याआधीच विचारलं, "काका, टाकीचा पिक्चर उलटा काऊन लावत होते जी तुम्ही?" हसतील असं वाटलं होतं. त्यांनी झारा कढईत तसाच ठेवला. "कोनाचा पोरगा तू?" "सेवकरामचा. लहाना." "उलटा नव्हतो लावत," ते म्हणाले, "दुसरी सीडी पयले लावत होतो. बाजाराचा मानूस बापा, इकून-घेऊन तीनच्या गाडीनं वापस जाये. त्याले का मी पोट्ट्यायचा चाय-पाव दाखवू? त्याले मारामारी पायजे. मारामारी पायली का खुशीनं गाडी पकडे. मंग रायलेल्या पोट्ट्यायसाठी पयली लावाची. हिंदी पिक्चरचं असं नाही केलं कधी, हिंदीचं लोकायले समजते. इंग्रजीचं कोनाले समजून राहिलं होतं?"

"कोणालाच नाही," मी म्हटलं. माझा राग असा एसटीच्या वेळापत्रकावर येऊन बसलेला पाहून मला हसू आलं असतं, पण काकांचं संपलं नव्हतं. "एकाले समजलं होतं," ते म्हणाले. "तुह्या भावाले. सीडीवरचा आकडा वाचला त्यानं. मने, काका, एक डाव सीधा लावा जी. बाजार नव्हता त्या दिवशी, हॉलात एकटाच होता तो. पुरा पायला, अन् झाल्यावर बसूनच रायला. मी म्हनलं, का झालं रे? तुले पसंद हाये तं सीधा लावत जातो आता. तं मने, नको जी काका. असाच राहू द्या. माह्या लहान्या भावाले असाच पसंद हाये." त्यांनी झारा उचलला, बोंडे काढून जाळीत टाकले. "आला का मंग तो, वापस?" मी नाही म्हणालो. चहा आला होता. मी तो कसा प्यायलो ते आठवत नाही, जीभ मात्र दोन दिवस पोळलेली होती.

म्हणजे दांडीवरच्या माझ्या डोक्यावरून जे बोलणं आलं होतं, नाटक करून राहिले ते, ते कुठून आलं होतं हे मला आता, पंचविसाव्या वर्षी, कोहमारा ते गोरेगाव रस्त्यावर कळत होतं. त्याने खरा शेवट पाहिला होता आणि तो सोळा वर्षांचा होता. एका बुटक्यासाठी त्याने तो पोटात ठेवला. माझ्याबरोबर पुढे चार वेळा आला, तट्ट्यावर बसला, टाळ्या वाजवल्या. पाच सायकली निघाल्या की माझ्या गुडघ्यावर थाप मारायचा. मला त्याची फार आठवण आली. वाट पाहणं हे आठवण येण्यापेक्षा वेगळं असतं, आणि दहा वर्षं मी नुसती वाटच पाहिली होती. ढाब्याच्या पुढे गाडी बाजूला घेतली आणि हेल्मेट न काढता रडलो. मग रुमाल आत जाईना म्हणून काढावं लागलं.

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून ओसरीवर होतं. माय सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. मी तिच्यासमोर नमुना सात ठेवला आणि काय आहे ते सांगितलं. ती सूप थांबवत नव्हती. मग मी ते सांगितलं जे दहा वर्षं सांगितलं नव्हतं. "माय, मले मालूम होतं. दादाच्या पिशवीत टीसी पायली होती मी. कोनाले सांगतलं नाही. सांगतलं असतं तं बाबा दुसऱ्याच दिवशी गेले असते." सूप दोनदा हललं. डाळ वर उडाली, खाली आली, फोल पुढे गेलं.

"राजू," माय म्हणाली, "पेटीची चाबी कोनापाशी राहे?"

मी तिच्याकडे पाहिलं. आमच्या घरातले सगळे कागद लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, आणि किल्ली मायच्या कमरेच्या दोऱ्याला, माझ्या जन्माआधीपासून. बाबांनाही राशन कार्ड हवं असलं तर तिला हाक मारावी लागे. दहा वर्षं मी ती टीसी डोळ्यांपुढे ठेवून जगलो, आणि ती पेटीबाहेर आली कशी हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"मीच काहाडून देल्ली," माय म्हणाली. "मने, माय, काम लागलं का चिठ्ठी टाकतो, बाबाले आताच नको सांगू. मले वाटलं दोन मयन्यात येईल." तिने सूप खाली ठेवलं. "मंग बाबा ढुंढाले लागले. मी सांगूनच देत होती एक दिवस. पर तू सांगे ना साऱ्यायले, येते मनून. तुह्या तोंडाकडे पायलं का मले बी वाटे, येईलच. तुह्या समोर कशी म्हनू, का नाही येत?" ती माझ्याकडे पाहत नव्हती, डाळीतला खडा शोधत होती, आणि खडा नव्हता. दरवर्षी दसऱ्याला ती नागपूरला जाते, पुस्तकांच्या एकाच दुकानापाशी दिवसभर गर्दीतली तोंडं पाहत उभी राहते, आणि तिकीट काढून मी सोबत जातो. मी समजत होतो की मी तिच्यासाठी जातो.

मग तिने कागद ओढून घेतला. "काय लिहाचं हाये याच्यात?" मी तीन चौकोन वाचून दाखवले. "मेला नको लिहू," ती म्हणाली. "नाही लिहीत," मी म्हटलं, आणि दुसऱ्या चौकोनात, स्थलांतरित, खूण केली. अर्जदाराच्या जागी माझं नाव घालणार होतो, पण तिने पेन मागितलं. रात्रशाळेत शिकलेली सही तिने हळूहळू केली, भागीरथा, थ जरा वेळ घेऊन. नात्याच्या रकान्यात मी आई लिहिलं. कागद घडी न घालता पुठ्ठ्यात ठेवला, सोमवारसाठी. वाटलं होतं की फार मोठं काहीतरी होईल, पण ओसरीवर फक्त ऊन एक वीतभर सरकलं.

"हे का होय?" तिने माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहून विचारलं. मी सांगितलं, टाकीचा पिक्चर, दादाचा अन् माझा. "लाव," माय म्हणाली. मी लाल रेघ डावीकडे नेली, पलंगावरचा मुलगा दिसला, तेवढ्यात मी थांबलो. बोटाने रेघ सरकवत सरकवत बरोबर मध्यावर आणली, आणि तिथून लावला. तांबडी दुनिया, किडे, दार. माय पदर तोंडाला लावून बघत होती. लाल टोपी पलीकडे राहिला तेव्हा ती "अगा बापा" म्हणाली आणि माझा दंड धरला. मी म्हटलं, थांब. नावं आली ती पळवली, चुन्नीलालकाका पळवत तशी. मग रेघ पुन्हा पहिल्या टोकाला नेली. मुलगा पलंगावर जागा झाला, आईने त्याच्या ताटात पाव टाकला. मायने माझा दंड सोडला. "मालूमच होतं मले," ती म्हणाली. पुढचं तिने न बोलता पाहिलं, आणि शेवटी मक्याच्या शेतातल्या रस्त्याला सायकली लागल्या तेव्हा मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, "पाच हायेत ना?"

"पाच," मी म्हटलं, आणि रस्ता वळायच्या आत पिक्चर थांबवला.